मुद्दाम चुकवलेली उत्तरं

ते साल दोन हजार चौदा. माझा नवरा उर्हो याला जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्याच आठवड्यात तळ्याच्या काठाकाठाने बर्फाची पापडी धरली होती, म्हणून ते साल माझ्या पक्कं लक्षात आहे. धक्का काढायचा दिवस आम्ही दरवर्षी तिसरा शनिवार धरायचो. त्या वर्षी घाईने दुसरा धरला.

तळ्यात उभा केलेला लाकडी धक्का थंडीआधी बाहेर ओढून काढावा लागतो. नाही काढला तर बर्फ त्याच्या फळ्या काड्यांसारख्या मोडतं. हे काम एकट्यादुकट्याचं नाही, त्यामुळे आमच्या खाणींच्या पट्ट्यात घरोघरी या दिवशी नातेवाईक जमतात. आधी पाण्यातलं काम, मग जेवण, मग साउना, म्हणजे लाकडी खोपटातलं वाफेचं स्नान. जो येत नाही त्याच्याबद्दल हिवाळाभर बोललं जातं.

त्या दिवशी सगळे आले होते. माझा मुलगा डेल आणि मुलगी कॅरल छातीपर्यंतच्या रबरी विजारी घालून पाण्यात उतरले होते. सुनेचा भाऊ फ्रँक काठावरून दोर ओढत होता, म्हणजे मुख्यतः सूचना देत होता. सून रोझॅन आणि मी पायरीवर उभ्या राहून कॉफी ओतत होतो. आणि जेरेड, माझा नातू, चोवीस वर्षांचा, काळा चष्मा लावून आणि टोपी भुवयांवर ओढून बर्चच्या झाडाखाली खुर्चीत बसला होता. ऊन असं नव्हतंच. त्याला ढगाळ उजेडही सोसत नसे.

मागच्या प्रकरणात मी त्याच्या शेवटच्या सामन्याबद्दल लिहिलं आहे, ते पुन्हा लिहीत नाही. बर्फावरच्या हॉकीत डोक्याला चार वेळा मार लागला. हे डॉक्टरांनी मोजलेले चार. न मोजलेले त्याला एकट्याला माहीत होते, आणि आता त्यालाही नव्हते. पावणेतीन वर्षं तो आईवडिलांच्या तळघरात, खिडकीला घोंगडी लावून राहत होता.

"माझे गुडघे बघ," फ्रँक काठावरून ओरडला. "मे महिन्यात मला जिना चढवत नव्हता. मेक्सिकोला गेलो, मूलपेशींच्या तीन सुया घेतल्या. आता बघ!" आणि त्याने खरंच उठाबशा काढून दाखवल्या.

"दोर ओढ, फ्रँक," डेल म्हणाला.

"ओढतोय की. मी काय म्हणतो, जे गुडघ्याला चालतं ते डोक्याला का चालू नये?"

"गुडघ्याला काही आठवायचं नसतं," कॅरल पाण्यातून म्हणाली.

जेरेड हसला. तो हसला की आम्ही सगळे हातातलं काम थांबवून बघायचो, इतकं ते दुर्मीळ झालं होतं.

कॅरल डुलुथच्या इस्पितळात परिचारिका होती, तीस वर्षं. तिने विचारलं, "त्या सुयांमध्ये कुणाच्या पेशी होत्या?"

"नाळेतल्या. बाळंतपणात टाकून देतात त्या."

"कुणाच्या बाळंतपणातल्या?"

"ते मी कशाला विचारू? मी पाहुणा म्हणून गेलो होतो का तिथे?"

डेलचा कौल कुठे आहे ते मला ठाऊक होतं. आदल्याच आठवड्यात तो माझ्याकडे येऊन बसला होता. तळ्यावरचं हे घर माझ्या नावावर आहे. ते विकून जेरेडला फ्रँकच्या त्या मेक्सिकोतल्या दवाखान्यात न्यायचं, असं त्याच्या मनात होतं. मी हो म्हटलं होतं. उर्होने हे घर हाताने बांधलं, पण उर्हो असता तर त्यानेही हो म्हटलं असतं. मला एकच गोष्ट खटकली होती. डेल दोनदा म्हणाला होता, "तिथे जुने कागद मागत नाहीत, आई. ते बरं आहे."

जेवायला मोयाक्का होता, आमचा तो बटाटे, गाजर आणि गोमांसाचा रस्सा, आणि रोझॅनने आणलेली पोतित्सा. रोझॅन स्लोव्हेनियन घरातली. अक्रोडाचं सारण भरलेला तिचा तो गुंडाळलेला पाव कापला की आत भोवरा दिसतो. जेरेडला तिने काप वाढला आणि खोलीतला दिवा मालवला. आम्ही खिडकीच्या उजेडात जेवलो.

वाडगे रिकामे झाल्यावर कॅरलने पिशवीतून एक पाकीट काढलं.

"दक्षिणेतल्या विद्यापीठाच्या इस्पितळाचं उत्तर आलंय," ती म्हणाली. "त्यांनी जेरेडला नाही म्हटलंय."

रोझॅनच्या हातातली सुरी पोतित्सावर तशीच राहिली. त्या इस्पितळातल्या प्रयोगासाठी कॅरल आणि ती वसंतापासून खटपट करत होत्या. तिथे रोग्याच्याच हाडातली अस्थिमज्जा काढायचे, त्यातल्या मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवायचे आणि शिरेवाटे त्याच्याच अंगात परत सोडायचे. डोक्याला जुना मार लागलेल्या चाळीस जणांना घेणार होते. एक जागा उरली होती.

"मी सांगितलं होतं," फ्रँक म्हणाला. "ते लोक निम्म्यांना नुसतं मीठपाणी देतात. माझा भाचा काय लोणचं आहे का?"

"कुणाला काय दिलंय ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून तर नंतर खरं काय ते कळतं. आणि उपयोग होईलच असं ते म्हणत नाहीत, फ्रँक. म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास आहे."

"नकार का दिला त्यांनी?" रोझॅनने विचारलं.

कॅरलने कागद तिच्यापुढे सरकवला. "मार लागण्याआधी तो कसा होता आणि आता कसा आहे, ही तुलना त्यांना लागते. दोन हजार पाच साली शाळेने सगळ्या खेळाडूंची संगणकावर परीक्षा घेतली होती. शब्द लक्षात ठेवा, आकार ओळखा, रंग दिसला की बटण दाबा. ते गुण त्यांनी मागवले. पंधराव्या वर्षी जेरेडची स्मरणशक्ती शंभर मुलांत अकरा जणांच्या पुढे होती. आता नऊ जणांच्या पुढे आहे. त्यांच्या हिशेबाने त्याचं काही बिघडलेलंच नाही."

जेरेड शांतपणे खात होता. "म्हणजे मी बरा आहे," तो म्हणाला. "चला, सुटलो."

"मला ते अकरा आठवतंय," रोझॅन हळूच म्हणाली. "तो कागद घरी आला होता. मी किती घाबरले होते. पुढच्या उन्हाळ्यात मी त्याला शिकवणीला बसवलं. सगळी मुलं तळ्यावर, आणि हा त्या बाईंच्या ओसरीत शब्द पाठ करत बसायचा. रडायचा." ती जेरेडकडे वळली. "त्या उन्हाळ्याबद्दल माझ्यावर राग आहे का रे तुझा?"

"कुठला उन्हाळा?" जेरेडने विचारलं.

रोझॅनने सुरी खाली ठेवली.

"आमच्याकडे खेळणारी पोरं येतात," कॅरल म्हणाली. आता ती डेलकडे बघत होती. "ती सांगतात. पहिली परीक्षा मुद्दाम बिघडवून ठेवायची. म्हणजे पुढे डोक्याला मार लागून खरोखर कमी गुण पडले तरी फरक दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, होता तसाच आहे, आणि पोरगं पुढच्या शनिवारी बर्फावर. मी तो प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरीण बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, जुने गुण खोटे आहेत असं कुणी जबाबदार माणसाने सहीनिशी लिहून दिलं आणि शाळेचे आधीचे निकाल जोडले, तर त्या पुन्हा बघतील. मंगळवारी यादी बंद होते."

"जेरेडला परीक्षा जमतच नव्हत्या," डेल म्हणाला.

"अकराव्या वर्षी त्याला सगळ्या संघाचे वाढदिवस पाठ होते."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

डेल शाळेच्या संघाचा प्रशिक्षक होता, बावीस वर्षं. दोनदा त्याने राज्याच्या सामन्यांपर्यंत पोरं नेली होती. गावात त्याला कुणी डेल म्हणत नसे, सगळे 'कोच' म्हणत, अगदी पाद्रीसुद्धा. तो त्या वेळी माझ्याकडे बघत होता. मुलगा आईकडे कधी असं बघतो ते आईला कळतं. लहानपणी खिडकीची काच फुटली आणि उर्हो विचारायला लागला की तो असंच बघायचा, आणि मी म्हणायचे, वाऱ्याने फुटली.

"मी त्या खोलीत होते," मी म्हणाले.

"आई."

"मी तेव्हा शाळेच्या वाचनालयात आठवड्यातून तीन दिवस पुस्तकं लावायला जात होते. परीक्षेच्या वेळी देखरेखीला त्यांनी मलाच बसवलं. जेरेड भिंतीकडच्या खुर्चीवर होता. पडद्यावर शब्द यायचे तेव्हा त्याचे ओठ हलायचे. पाठांतर करताना त्याचे ओठ नेहमीच हलायचे. सगळे शब्द त्याला आले होते. मी मागे उभी होते, मला दिसत होतं. मग विचारायची वेळ आली आणि तो एकेक चुकीचं बटण दाबू लागला. दाबायचा आणि दाराकडे बघायचा." मला पाणी प्यावं लागलं. "दारात डेल उभा होता. त्याने मान हलवली, शाबास म्हणतात तशी."

"आई, गप्प बस."

"गप्पच होते. नऊ वर्षं."

मी गप्प का होते ते इथे लिहायला हवं. आमच्या घरात हा प्रकार नवा नव्हता. उर्होच्या काळी संगणक नव्हते. खेळाडू आपटला की कुणीतरी त्याच्यापुढे बोटं धरायचं आणि किती विचारायचं. उर्हो म्हणायचा, "काहीही दिसो, दोन म्हणायचं. ते नेहमी दोनच धरतात." ही गोष्ट तो लग्नाकार्यात सांगायचा आणि सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायचे. शेवटच्या चार वर्षांत तो मला ओळखत नव्हता, तरी मी या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या नाहीत. जोडायच्या नव्हत्या म्हणून.

रोझॅन उठून उभी राहिली होती. त्या क्षणी तिला काय वाटलं ते तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तिला नवऱ्याचा राग आलाच नाही आधी. तिला ती शिकवणीवाली ओसरी दिसली, आणि गाडीतून उतरताना "मी ढ नाहीये, आई," असं म्हणणारा मुलगा दिसला. त्या दिवशी गाडी डेल चालवत होता. तो एक शब्द बोलला नव्हता.

"तुला माहीत होतं," ती त्याला म्हणाली. "मी त्याला त्या बाईंकडे सोडायला जायचे. तुला माहीत होतं."

"रोझॅन, एकट्या त्याला नाही सांगितलं मी. सगळ्यांना सांगितलं." डेलचा आवाज चढला, मग त्यालाच आपलं बोलणं ऐकू आलं असावं. "दरवर्षी. सगळ्या संघाला. सगळेच प्रशिक्षक सांगतात."

कॅरलने डोळे मिटून घेतले. तिने ते ऐकलं होतं, आणि मुलांना इजा झाल्याचं ऐकून वर न कळवणं तिच्या पेशात बसत नव्हतं.

फ्रँकने खुर्ची पुढे ओढली. "हे बघ डेल, कागदावर काही लिहून देऊ नकोस. सही केलीस की ती सगळी पोरं, त्यांचे आईबाप, वकील, सगळे दारात येतील. कशाला? मेक्सिकोत कुणी काही विचारत नाही. घर विका, पोराला न्या, प्रश्न मिटला. रोझी, तू तरी सांग त्याला. सकाळी गाडीत तूच म्हणत होतीस ना?"

"सकाळी मला माहीत नव्हतं," रोझॅन म्हणाली.

"आता माहीत झालं म्हणून मेक्सिको बदललं का?"

"फ्रँक, पोतित्सा खा आणि तोंड बंद ठेव."

फ्रँकने खरंच एक तुकडा तोंडात घातला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला भाच्यासाठी काहीतरी लगेच व्हायला हवं होतं, इतकंच.

"आई घर विकणार म्हणाली आहे," डेल म्हणाला.

"गेल्या आठवड्यात म्हणाले होते," मी म्हणाले. "आता तू लपावास म्हणून नाही विकणार."

डेल उठला आणि साउनाच्या चुलीत लाकडं सारायला बाहेर गेला. दार त्याने आपटलं नाही. त्याने आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आमच्याकडे आधी पुरुष साउनात जातात, मग बायका. तिथे आवाज चढवायचा नाही, चर्चमध्ये वागतो तसं वागायचं, हे मुलांना चालायला लागल्यापासून शिकवतात. फ्रँक म्हणायचा, मला उकडून खायचं असेल तर आधी सांगा, आणि तो कधी आत जात नसे. म्हणून आत दोघंच होते, डेल वरच्या फळीवर आणि जेरेड सगळ्यात खालच्या, दार बोटभर उघडं ठेवून. डॉक्टरांनी त्याला पाच मिनिटांची परवानगी दिली होती.

तिथे काय बोलणं झालं ते डेलने मला त्याच हिवाळ्यात, माझ्या दारातलं बर्फ काढून झाल्यावर, फावडं हातात धरून सांगितलं.

खालून जेरेड म्हणाला, "मी लिहितो, बाबा."

"काय?"

"पत्र. माझीच कल्पना होती असं लिहितो. पंधरा वर्षांचा होतो, खेळायला मिळावं म्हणून केलं. त्यात तुझं नाव कशाला?"

"तुझी कल्पना नव्हती ती."

"कुणाला कळणार आहे? मला काही आठवत नाही असं सगळ्यांना वाटतंच. त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे."

डेलने दगडांवर पाणी ओतलं. वाफ उठली. "मी हो म्हटलं नाही, आई," तो मला म्हणाला. "पण नाहीही म्हटलं नाही. मला वाटलं, असं झालं तर? पोरगा प्रयोगात जाईल आणि सोमवारी मी बर्फाच्या रिंगणावर जाईन, नेहमीसारखा. पूर्ण पाच मिनिटं मी तसं वाटू दिलं." तो रडत नव्हता. फावड्याच्या दांड्यावरचं बर्फ अंगठ्याने खरवडत होता.

मग आमची पाळी आली. रोझॅन, कॅरल आणि मी आत बसलो. रोझॅन एका टोकाला, मी दुसऱ्या. वाफेत एकमेकींचे चेहरे दिसत नव्हते.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं, आई," ती म्हणाली.

"हो."

"तुमच्यावर रागवायचं की नाही तेच मला कळत नाहीये."

"रागाव," मी म्हणाले. "त्यात चुकीचं काही नाही."

कॅरलने मध्येच विचारलं, "त्याने सही नाही केली तर?" मी पत्र लिहिलं असतं, पण ते एकटं पुरलं नसतं. म्हातारी आजी नातवासाठी काहीही लिहील, असं कुणीही म्हटलं असतं.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी फार वेळ आत बसवत नाही. मी आधी बाहेर पडले, केसांना टॉवेल गुंडाळला आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. चार वाजले असतील. जेरेड टेबलाशी बसला होता. चष्मा काढून ठेवलेला, नाक कागदाला टेकेल इतका वाकलेला. समोर डेल, हात मांडीवर. फ्रँक खिडकीशी.

"झालं," जेरेड म्हणाला आणि कागद बापाकडे सरकवला. कपाळ घामेजलं होतं. त्याला एक पान लिहायला किती वेळ लागला होता ते मला माहीत नाही. "वाचून बघ. नीट आहे ना?"

डेलने वाचलं. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. अक्षर सातवीत बक्षीस मिळवणाऱ्या मुलाचं होतं, गोल आणि सरळ.

*माझं नाव जेरेड रौतिओ. दोन हजार पाच साली शाळेतल्या परीक्षेत मी मुद्दाम चुकीची उत्तरं दिली. मला कुणीही सांगितलं नव्हतं. माझं नाव जेरेड रौतिओ. दोन हजार पाच साली शाळेतल्या परीक्षेत मी मुद्दाम चुकीची उत्तरं दिली. मला कुणीही सांगितलं नव्हतं. माझं नाव जेरेड रौतिओ. दोन हजार पाच साली*

पान तिथे संपलं होतं.

फ्रँकनेही वाकून वाचलं. बाहेर जाऊन धक्क्याच्या काढलेल्या फळ्या उगाचच नीट रचत बसला.

"नीट आहे," डेल म्हणाला. "छान लिहिलंयस." त्याने कागदाची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. "आता तू थोडा पड. उजेड पुष्कळ झाला."

जेरेड आतल्या खोलीत गेला. डेलने माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "आई, पेन दे."

तो तासभर लिहीत होता. मध्येच त्याने विचारलं, "तारीख कोणती होती?" मी सांगितली, सप्टेंबरमधली कामगार दिनाची सुट्टी झाल्यानंतरचा गुरुवार. रोझॅन आणि कॅरल ओल्या केसांनी आल्या आणि टेबलाशी बसल्या. त्याने वाचून दाखवलं. आवाज सपाट होता, संघाची नावं वाचतात तसा. *मी, डेल उर्हो रौतिओ, शाळेच्या हॉकी संघाचा प्रशिक्षक, माझ्या मुलाला परीक्षेत कमी गुण मिळवण्याचं सुचवलं...*

"'सुचवलं' नको," रोझॅन म्हणाली.

डेल थांबला.

"'करायला लावलं' लिही."

त्याने खोडलं आणि वर लिहिलं. पुढे वाचलं. बाकीच्या मुलांबद्दलही त्याने लिहिलं होतं. ते त्याला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.

"खाली तू साक्षीदार म्हणून सही कर, आई," तो म्हणाला. मी केली.

सोमवारी कॅरलने ते पत्र आणि शाळेचे जुने निकाल फॅक्सने पाठवले. त्याच सकाळी डेलने पत्राची नक्कल स्वतः मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि शिट्टी व किल्ल्याही ठेवल्या.

जेरेडला ती शेवटची जागा मिळाली. त्याच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली, काही महिन्यांनी शिरेतून काहीतरी दिलं. ते मीठपाणी होतं, हे दोन वर्षांनी कळलं. आणि त्या मीठपाण्याच्या वर्षात तो घोंगडी काढून खिडकीत बसायला लागला होता. फ्रँक यावर महिनाभर हसला. नंतर करारानुसार जेरेडला खऱ्या पेशी दिल्या. डोकेदुखी कमी झाली, झोप लागू लागली. आठवण परत आली नाही. पेशींनी किती आणि काळाने किती, हे त्या डॉक्टरीण बाईही सांगत नाहीत. अजून सांगता येत नाही, असंच त्यांच्या अहवालात छापून आलं. तो आता डुलुथला, कॅरलच्या घराजवळ राहतो. सकाळी तीन तास एका रोपवाटिकेत काम करतो, मग अंधारात पडतो. खिशात वही असते. माझा वाढदिवस त्या वहीत आहे, आणि त्याचा फोन चुकत नाही.

कॅरल निवृत्त झाली. आपल्या भावाबद्दल तिने इस्पितळातल्या वरिष्ठांना कळवलं होतं, हे तिने त्यालाच आधी सांगितलं. दोघं वर्षभर बोलले नाहीत. आता रविवारी पत्ते खेळतात आणि भांडतात.

फ्रँक दुसऱ्यांदा मेक्सिकोला जाऊन आला आणि काठी घेऊन चालू लागला. दोन हजार एकवीस साली हृदयविकाराने गेला. गुडघ्यांचा काही दोष नाही, असं इस्पितळातल्या खाटेवरूनही सांगत होता. त्याच्या दफनाला जेरेडने शवपेटीला खांदा दिला, चष्मा लावून.

रोझॅन त्या नाताळाआधी बहिणीकडे राहायला गेली. चौदा महिन्यांनी परत आली. का गेली ते सगळ्यांना कळत होतं. का परत आली ते मी विचारलं नाही. माझ्याशी ती आधीसारखी बोलते, पण एखादी गोष्ट सांगून झाल्यावर क्षणभर माझ्याकडे बघते, मी अजून काही हातचं राखून ठेवलंय का ते.

डेलला गावात पुष्कळांनी ओळख देणं सोडलं. वकील आले नाहीत. त्याऐवजी पुढच्या मार्चमध्ये एक माणूस आला, तिशीतला, दाढीवाला, बायकोला गाडीत बसवून. दारात उभा राहून म्हणाला, "कोच, मलाही तसं एक पत्र लागेल." डेलने त्याला आत घेतलं. नंतर आणखी आले. कुणाला प्रयोगात जायचं होतं, कुणाला खाणीतल्या नोकरीसाठी दाखला हवा होता, एकाला फक्त बायकोला दाखवायचं होतं की आपण मुळात असे नव्हतो. प्रत्येकासाठी त्याने हाताने पत्र लिहिलं, आणि 'करायला लावलं' असंच लिहिलं. आता तो गावच्या रिंगणावर बर्फ सपाट करायची गाडी चालवतो. गावात त्याला आता कुणी कोच म्हणत नाही.

मी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे आणि दोन वर्षांपासून वृद्धांच्या निवासात राहते. दर तीन महिन्यांनी एक तरुण डॉक्टर येते. मला पाच शब्द सांगते, इकडचं तिकडचं विचारते आणि मग ते शब्द परत मागते. शेजारची एल्मा शब्द तळहातावर लिहून ठेवते. चांगले गुण पडले नाहीत तर वरच्या, विसरणाऱ्यांच्या मजल्यावर हलवतात, म्हणून. तिने मलाही पेन देऊ केलं होतं.

गेल्या वेळी मला तीन आठवले. डॉक्टर थांबली होती, मला वेळ देत होती. मी म्हणाले, "बाई, तीनच लिहा."